लाल दोऱ्याची खूण

धाकट्या जावेला शाळेत नोकरी थोरलीनेच लावून दिली होती, आणि सगळ्या पोटदुखीचं मूळ तिथेच होतं. परक्या कुणी येऊन डोक्यावर मिरी वाटली असती, तर चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. इथे धोंडा स्वतःच उचलून स्वतःच्याच पायावर मारून घेतलेला. बोलणार कुणाला?

मुलींच्या त्या शाळेत थोरली सत्तावीस वर्षं शिवण शिकवत होती. वर्गात चौदा मशीन, दोन खिडक्या आणि नमुना वह्यांनी भरलेलं एक लाकडी कपाट. प्रत्येक मुलीची एक वही, पानापानावर कापडाचा एकेक नमुना. कुठे काज, कुठे तुरपाई, कुठे खिसा. नमुना फक्त वरच्या कडेला टाचायचा, म्हणजे उलटून बघता येतो. सुलटी बाजू जगाला दाखवा, उलटी मला, असं ती मुलींना सांगे. चुकलं तर ती शेरा लिहीत नसे. लाल दोऱ्याची एक गाठ त्या जागी मारून वही परत देई.

धाकटी आली ती कॉम्प्युटरवर कपड्यांचे आराखडे शिकवायला. आडनाव एकच, म्हणून शाळेत एक थोरल्या बाई झाल्या आणि दुसऱ्या धाकट्या बाई. वर्षभरात धाकटीने पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी वह्यांऐवजी ऑनलाइन पोर्टफोलिओ सुरू केले. प्रत्येक मुलीचं एक पान. तिने नमुन्याचा फोटो टाकायचा आणि काय जमलं, काय नाही, ते खाली लिहायचं. मुख्याध्यापिका खूश झाल्या. घरी सासूबाई चष्मा लावून मुलींचे खिसे फोनवर बघत बसू लागल्या. याच सासूबाईंनी सत्तावीस वर्षांत थोरलीची एक वहीसुद्धा उघडून पाहिली नव्हती. थोरलीला ते फार झोंबलं. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं ती स्टाफरूममध्ये दोनदा म्हणाली, पण कुणी दुजोरा दिला नाही.

त्यात धाकटीने तिच्यासाठी खास सोय केली. पानाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचं चिन्ह होतं. ते दाबलं की फोटोवर लाल गाठ उमटायची. "ताई, हे फक्त तुमच्यासाठी. चूक दिसली की दाबा," ती म्हणाली. चुकलं तर थोरल्या बाई लाल गाठ मारतील, असं तिने मुलींनाही सांगून ठेवलं. थोरलीला वाटलं, ही आपली थट्टा चालवलीय. तिने मान डोलावली आणि ते चिन्ह जन्मात दाबायचं नाही, असं मनाशी ठरवून टाकलं.

बघायची मात्र सगळं. रोज मोकळ्या तासाला कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर बसून ती धाकटीची चूक शोधायची. दुसऱ्याच महिन्यात ती सापडली. मुली नमुना चारही बाजूंनी पुठ्ठ्यावर चिकटवत आणि फोटो काढत. उलटी बाजू कुणी बघतच नव्हतं. डावरी म्हणून एक डावखुरी मुलगी होती, हात अगदी सफाईचा. तिच्या खिशाचा पुठ्ठा फोटोत जरा वाकला होता आणि मागून न दुमडलेली कड व लोंबणारे दोरे दिसत होते. थोरलीला इतका आनंद झाला की त्या दिवशी तिने चहा दोनदा घेतला.

सांगितलं मात्र नाही. सांगितलं असतं तर धाकटीने दोन दिवसांत उलट्या बाजूचेही फोटो काढायला लावले असते आणि वर शाबासकी मिळवली असती. पुढच्या वर्षीपासून वह्या ठेवायच्या की बंद करायच्या, हे वार्षिक बैठकीत ठरायचं होतं. हुकमाचं पान तिथेच टाकायचं, म्हणून ती मूग गिळून बसली. पाच महिने डावरीच्या चांगल्या हाताला वाईट वळण लागताना तिने डोळ्यांनी पाहिलं.

बैठकीत धाकटीने डावरीचं पान भिंतीवर दाखवलं. प्रत्येक फोटोखाली तो कुणी, कोणत्या तारखेला पाहिला याची बारीक अक्षरांत नोंद होती, थोरलीचं तिकडे कधी लक्षच गेलं नव्हतं, आणि सगळीकडे थोरल्या बाई. लोकांना वाटतं ताईंना हे आवडत नाही, धाकटी म्हणाली, पण ताईंनी आजवर दोनशे चौदा फोटो पाहिलेत, माझ्यापेक्षा जास्त. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीची नजर मात्र खिशाच्या फोटोखाली खिळली होती. तिथे डावरीने मागाहून लिहिलं होतं, "भीती वाटत होती. पण थोरल्या बाईंनी पाहिलं आणि लाल दोरा नाही, म्हणजे बरोबर आहे. आता असेच शिवणार."

मुलींची परीक्षा नऊ दिवसांवर होती. बाहेरून येणारे परीक्षक आधी कापड उलटतात, हे थोरलीइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ती उभी राहिली आणि पुठ्ठ्यामागे काय आहे ते तिने सांगून टाकलं. धाकटीचा चेहरा उतरला. कापडावरचं काम ताई बघतायत, या भरवशावर तिने त्यात नाक खुपसलं नव्हतं. हे तुमच्या कधी लक्षात आलं, असं मुख्याध्यापिकांनी विचारलं. तारीख भिंतीवर होतीच.

"दुसऱ्या महिन्यात," थोरली म्हणाली.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "वही उलटून बघायला शिकवते, हे मान्य. पण तुम्ही बघून गप्प बसलात, तिथे वही तरी काय करणार?" वह्या पुढच्या वर्षीपासून बंद झाल्या.

दुसऱ्या दिवशी थोरलीने पहिल्या वर्षाच्या मुलींना आपल्या वर्गात बोलावलं आणि सगळे पुठ्ठे सोडवायला लावले. प्रत्येकीला बारा नमुने पुन्हा शिवायचे होते. डावरीने आपला खिसा उलटून पाहिला.

"बाई, तुम्हाला दिसलं होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

इतर मुलींनी मशीन थांबवली. थोरलीला चार सबबी सुचल्या.

"तुमच्या धाकट्या बाईंचा हेवा वाटत होता मला," ती म्हणाली.

डावरीने खिसा तिच्या हातात दिला. "आता नाही वाटत?"

"वाटतो," थोरली म्हणाली, आणि कात्री घेऊन उसवायला बसली.