‘जास’ म्हणून गेलेली मुलगी

भास, पूर्वसूचना, भुतंखेतं... या सदरातलं सगळं मी आवडीनं वाचते आणि मनातल्या मनात प्रत्येकाची चूक काढते. त्यामुळे आज स्वतःचं लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. माझी चूक कुणी काढून दिली तर खरंच बरं वाटेल.

मी अमळनेरची. एमबीए झाल्यावर पहिली नोकरी लागली ती धुळ्यात, देवपूरमधल्या एका कन्सल्टिंग फर्ममध्ये. फर्म म्हणजे टाइल्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या, माणसांपेक्षा एक खुर्ची कमी, आणि मनात येईल तेव्हा नाशिकहून उगवणारे सर. ते काहीही बोलले की सगळ्यांनी "येस सर" म्हणायचं — एवढं एकच काम तिथे नियमित चालायचं. मला आपलं हसू यायचं. कारण आमच्या अहिराणीत ‘येस’ म्हणजे ‘येते’. घरातून निघताना आम्ही ‘जास’, म्हणजे ‘जाते’, असं चुकूनही म्हणत नाही. ‘येस’ म्हणायचं, लहानपणापासूनची सवय.

तिथला पहिला रिपोर्ट हातात घेतला, तर जळगाव जिल्ह्यात केळीऐवजी संत्र्यांच्या बागा! विदर्भाचा जुना रिपोर्ट उचलून जिल्ह्याचं नाव तेवढं बदललेलं. मी दाखवलं तर सर म्हणाले, "क्लायंट कुठे वाचतो?" त्या दिवशी माझं मन उडालं. पण पप्पांनी ‘पोरगी कन्सल्टंट झाली’ म्हणून गल्लीभर पेढे वाटले होते. आता सोडायची तरी कोणत्या तोंडानं? हे मी कुणालाच बोलले नव्हते, आईलासुद्धा नाही... हे लक्षात असू द्या.

अशात साक्री तालुक्यातल्या एका गावी सर्व्हेला जायचं ठरलं. गाडी मिळणार होती, ती अर्थातच मिळाली नाही. एसटीनं गेले. टळटळीत दुपार. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारी अक्का शेंगा फोडत बसली होती. मला बघून ती ओळखीचं हसली.

"उनी का परत? बस. ताक लयस तुले. च्या तं तू पेत नही."

मी चहा पीत नाही, हे खरं. पण हिला कुणी सांगितलं? मी म्हटलं, अक्का, तुमचा घोटाळा होतोय, मी या गावात आजच येतेय.

"मांगला आठवडे तं उन्थी तू! आठेच बठेल व्हती. तुना मामानं गाव पहूर शे ना?"

मागच्या आठवड्यात मी आले होते म्हणे, इथेच बसले होते! आणि माझा मामा खरंच पहूरलाच असतो. एकाच गावात दोनदोन माणसं पाठवण्याइतका सावळागोंधळ आमच्या ऑफिसात सहज खपला असता. पण पहूरचं तिथे कुणालाच माहीत नव्हतं. घाबरायला हवं होतं बहुतेक, पण मला भलतीच उत्सुकता लागली. अजून काय म्हणाली ती मुलगी?

"नोकरी सोडी दिन्ही म्हने. जळगावले चालनी म्हने." मग अक्काचा आवाज चढला. "आन निंघतांना ‘जास’ म्हनी तू! आशी कोनी म्हनस का? मना जीव टांगनीले लागना."

निघताना तिनं माझा हात धरून ठेवला. मी "येस, अक्का" म्हटल्यावरच सोडला.

ऑफिसात हर्षलला, आमच्यातल्या जुन्या सहकाऱ्याला, विचारलं. तो हसायलाच लागला. "अगं, आपल्याकडे एक माणूस पाठवायची मारामार! आणि मुलगी तर तू एकटीच आहेस."

त्यानंतर मन तिथे लागेना. शेवटी धीर करून पप्पांना फोन केला. त्यांनी संत्र्यांच्या रिपोर्टसकट सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मामाच्या मळ्यातली केळी खाऊन वाढलेली तू... त्या संत्रीवाल्यांकडे नको राहू." मी फोन ठेवला आणि रडले. इतके दिवस मी उगाचच घाबरत होते.

राजीनामा दिला तेव्हा सर म्हणाले, "पुन्हा एकदा विचार कर." सगळे माझ्याकडे बघत होते. सवयीनं ‘येस सर’ येणार होतं तोंडात. आलं ते वेगळंच — "जास."

सरांना काही कळलं नाही. हर्षल धुळ्याचाच, तो मात्र चपापला. "असं नको गं म्हणू," म्हणाला.

आता मी जळगावात नोकरी करते. जळगावचं एक वेळ समजू शकते. अक्कानंच ते माझ्या डोक्यात भरवलं असेल. पहूरचंही कुठून तरी कळलं असेल, चला. पण तो शब्द? आयुष्यात एकदाच माझ्या तोंडून निघाला, आणि अक्कानं तो माझ्या आधी ऐकला होता. कसा, ते मला आजही सांगता येत नाही.

तिला ‘येस’ म्हणून आलेय, म्हणजे जायला तर हवंच. दर सुट्टीला ठरवते आणि राहून जातं. खरं सांगायचं तर भीती एकच वाटते... मी ओट्यापाशी पोचेन, आणि अक्का शेंगा फोडता फोडता म्हणेल, "कालच तं उन्थी ना तू!"