तोफूची आंघोळ

हिसायो सुगावाराने वृद्धसेवा केंद्राचं यंत्र पाण्यात बुडवून मारलं, ही बातमी जपानातल्या आमच्या नोशिरो गावात सकाळच्या कवायतीआधीच पसरली. त्यात थोडी दुरुस्ती हवी. मारलं नाही, आंघोळ घातली.

यंत्र म्हणजे तोफू, एकट्या म्हाताऱ्यांच्या सोबतीला केंद्र देतं ते यांत्रिक पिल्लू. पांढरा, लोकरी, मांडीवर मावेल एवढा. हाक मारली की मान वळवायचा, कुरवाळला की डोळे मिटून कुईकुई करायचा. नवरा गेल्यापासून हिसायोच्या तोंडून ‘हं’पलीकडे शब्द फुटत नव्हता, केंद्राने तोफू दिला आणि भिंतीपलीकडून तिची बडबड ऐकून आमचे कान किटले. बरंही वाटलं म्हणा. त्या दिवशी केंद्रातले कुमागाई तपासणीला यायचे होते. सगळं ठीक दिसलं तर तोफू आणखी वर्षभर तिच्याकडे, नाहीतर दुसऱ्या कुणाकडे.

पाहुणा येणार म्हटल्यावर घरातलं कुणी मळकं राहतं का? आदल्या संध्याकाळी तिने टबात ऊन पाणी भरलं. आधी त्याला बाहेर बसवून साबण लावला, धुतला, आणि मग रीतसर खांद्यापर्यंत पाण्यात सोडला. तोफू एकदा कुई करून गप्प झाला.

टॉवेल झाला, केसांचा ड्रायर झाला, कोतात्सूच्या, म्हणजे शेगडीच्या टेबलाच्या, रजईखालची ऊब झाली. हाका मारून घसा सुकला, पण मान काही वळेना. शेवटी तिने शेजारच्या फुसाएला बोलावलं. (बातमी फोडली ती हिनेच.)

"तांदळात पूर त्याला. माझा फोन असाच वाचला," फुसाए म्हणाली.

"आणि नाही वाचला तर?"

"तर भात तरी होईल."

"थट्टा नको गं. पुन्हा भिंतींकडे बघत बसू का मी?"

फुसाएने थट्टा सोडून तांदळाचा डबा पुढे ओढला आणि दोघींनी तोफूला त्यात पुरलं.

कुमागाई आले. बूट काढून, कमरेत वाकून आत शिरले. हिसायोने तांदळाच्या डब्यातून तोफूला उपसलं. कानांतून दाणे गळले. कुमागाईंनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग पोट हलवून पाहिलं. आत पाणी डुचमळलं.

"आजी," ते हळूच म्हणाले, "विजेवर चालणाऱ्या वस्तूला कुणी आंघोळ घालतं का? आता वरच्या साहेबांना मी काय सांगू?"

हिसायोने तोफूच्या कानात अडकलेला शेवटचा दाणा काढला.

"सांगा, तुम्हीच म्हणाला होतात, घरच्या माणसासारखं सांभाळा. आमच्या घरची माणसं रोज आंघोळ करतात."