भाचीचा देश आणि कानबाईचा रोट

गोळाफेकीत भारताला पदक मिळवून देण्याची जबाबदारी गेल्या वर्षी माझ्यावर येऊन पडली होती. अडचण एवढीच, की गोळा मला फेकता येत नाही. तो फेकते माझी भाची लीना, आणि ती राहते एस्टोनियात.

(एस्टोनिया हा खरोखरचा देश आहे. तिथे आपल्या जळगाव जिल्ह्यापेक्षाही कमी माणसं राहतात. हे मी पिंप्राळ्यात इतक्या जणांना समजावून सांगितलंय, की तिथल्या सरकारने मला मानधन द्यायला हरकत नाही!)

माझी धाकटी बहीण वैशाली संगणकाच्या नोकरीसाठी तिकडे गेली आणि तॉमस नावाच्या उंच, अबोल माणसाशी लग्न करून तिकडचीच झाली. लीना त्यांची एकुलती एक. उंची वडिलांची, आवाज आमच्या घराण्याचा. अठरावं लागायच्या सुमारास तिच्यापुढे प्रश्न उभा राहिला : खेळायचं कोणत्या देशाकडून? भारताकडून खेळायचं तर पासपोर्टही भारताचाच हवा, दोन्ही ठेवता येत नाहीत. तिकडच्या संघाला ऑगस्टअखेर उत्तर हवं होतं. म्हणून सुट्टीत ती आईबरोबर आमच्याकडे आली. "राहून बघते, मग ठरवते," म्हणाली.

स्टेशनवरच वैशालीने मला बाजूला घेतलं. "दादा, तिला कोणी काही बोलायचं नाही हं. तिचं तिला ठरवू दे."

"छे गं! मी कशाला बोलतोय?"

रिक्षा पिंप्राळ्यात पोचायच्या आत मी लीनाला तीनदा विचारलं होतं, "तिरंगा आवडतो ना तुला?"

यात माझा दोष नाही. दोष माझ्या पदवीचा आहे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, पुढे शाळेत मास्तर. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यासाठी किती खस्ता खाल्ल्या ते मी विसरू शकत नाही, आणि आबाही विसरू देत नाहीत! बोअर आटली, म्हशीने दूध चोरलं, शेजारच्यांचं भांडण झालं, की त्यांचं एकच वाक्य : "तू शिकेल शे, तूच देख." म्हणजे तू शिकलेला, तूच बघ. या वेळीही त्यांनी मला अंगणात गाठलं. "पोर आपनाच देशकडथून खेळाले पाहिजे. तू शिकेल शे. समजाड तिले."

मग मी स्वस्थ कसा बसणार? समोर राहणाऱ्या सलीमभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्यांच्याकडून, आत उभं राहून गोळा फेकतात ते लोखंडी कडं बनवून घेतलं आणि मोकळ्या प्लॉटवर लीनाच्या सरावाची सोय केली. सकाळी सकाळी सगळी गल्ली जमली. लीनाने गोळा मानेशी धरला, गिरकी घेतली, आणि नेमक्या त्याच क्षणी मला राहवलं नाही. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "भारत माता की...!"

पोरगी दचकली. गोळा भलतीकडे सुटला. आणि आख्ख्या प्लॉटवर माझी एकच स्कूटर उभी होती!

"मास्तर," चेपलेल्या हेडलाइटकडे बघत सलीमभाई म्हणाले, "बच्ची का निशाना अच्छा है. तुम चुप बैठो तो गोला भी सीधा जायेंगा."

लीना धावत आली. "मामा, सॉरी! मी इथून खेळले तर तू स्पर्धेतही असाच ओरडशील?"

"याच्याहून मोठ्याने!"

"मग मला नीट विचार करायला हवा," ती गंभीरपणे म्हणाली.

माझी झोप उडाली. भरीत खाताना तिने दुसरी भाकरी मागितली की मला वाटायचं भारत जिंकला. ती वडिलांशी फोनवर त्यांच्या भाषेत हसली की वाटायचं, गेलं पदक! माझी बायको म्हणायची, "अहो, तिला कमी आणि तुम्हालाच जास्त टेन्शन आलंय." पण तेवढ्यात श्रावणातल्या रविवारी आमच्या घरी कानबाई, म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची देवी, बसली आणि मला आशा वाटायला लागली. नारळाच्या कानबाईला नथ आणि साडी चढली, सगळी भावकी गोळा झाली. लीनाने पुरण वाटलं, आरतीत टाळ्या वाजवल्या, बायकांबरोबर फुगडीही घातली. (फुगडीतली जोडीदारीण दोन दिवस मान धरून होती.) मी मनातल्या मनात राष्ट्रगीत सुरू केलं.

नैवेद्य झाला, पंगत बसली. खीर आली, गंगाफळाची भाजी आली. लीनाने रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या पोळीसाठी, हात पुढे केला, आणि आबांचा आवाज आला, "थांब! तिले रोट चालत नही."



"का?" लीनाने विचारलं.

"रोट फक्त घरनासले," आबा म्हणाले. "हाई रीत शे."

"मी घरची नाही?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू शिकेल शे. सांग तिले."

मी घसा खाकरला. "बघ लीना, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठभर गहू घेतात. त्याचे हे रोट. लग्न होऊन गेलेली मुलगी दुसऱ्या घरची होते. म्हणून तुझ्या आईलाही चालत नाही."

"आणि मामी? ती तर धुळ्याची आहे."

"ती लग्न होऊन इकडे आली ना! ती आता इथली."

लीनाने बोटांवर हिशेब मांडला. "म्हणजे आई बाबांच्या घरची. मग मीही बाबांच्या घरची. म्हणजे मी एस्टोनियाची! मग आबा, तुम्ही सगळे महिनाभर मला भारताची का म्हणताय?"

वैशाली पदरात तोंड घालून हसत होती. भावकी पत्रावळीकडे बघत होती. मी आबांच्या कानाशी लागलो. "आबा, एका रोटापायी देशाचं पदक जाईल!"

"आनि कानबाई कोपनी तं?"

"कोप माझ्यावर घेतो. मी शिकलेला आहे!"

आबांनी कानबाईकडे बघून हात जोडले. मग उठले आणि स्वतःच्या हाताने दोन रोट उचलले. "वैशालीले बी, पोरले बी. कानबाईले मी देखी लिसू."

वैशालीचं हसू थांबलं. लग्नानंतर पहिल्यांदाच ती माहेरचा रोट खात होती. खीर वाढायचं सोडून माझी बायको डोळे पुसत उभी. मीही डोळे पुसले, पण माझे अश्रू गोळाफेकीचे होते. पदक पक्कं!

दुसऱ्या दिवशी मेहरूण तलावावर कानबाईला निरोप देऊन आम्ही परतत होतो. लीना म्हणाली, "मामा, माझं ठरलं."

"बोल!" मी जिथल्या तिथे उभा राहिलो.

"एस्टोनिया."

"अगं, पण... रोट खाल्लास ना!"

"म्हणूनच तर! मला भीती होती, तिकडून खेळले तर तुम्ही मला परकी समजाल. काल आबांनी रोट दिला. आता मी कुठूनही खेळले तरी तुमचीच ना?"

मी 'हो' म्हणालो. दुसरं काय म्हणणार? रोट मिळाला नसता तर 'मीही इथलीच' हे दाखवायला आमची पोरगी हट्टाला पेटून भारताकडून नक्की खेळली असती. तिच्यासाठी आबांच्या हातापाया पडून मीच तो मिळवून दिला होता!

पुढे काही महिन्यांनी तिची मोठी स्पर्धा होती. आम्ही सगळे माझ्या मोबाइलभोवती दाटीवाटीने बसलो. शेवटची फेरी. तिसऱ्या जागेसाठी दोघीच उरल्या : लीना आणि एक भारतीय मुलगी. भारतीय मुलीने गोळा लांब फेकला, मी उडी मारून टाळ्या वाजवल्या. लीनाने त्याच्याही पुढे फेकला, मी खुर्चीवर चढून टाळ्या वाजवल्या. मग मला भारतीय मुलीचा चेहरा दिसला आणि मी खाली बसून डोकं धरलं.

आबा मोबाइल सोडून माझ्याकडेच बघत होते.

"ती फेकस तं टाळ्या, हाई फेकस तं बी टाळ्या! तू नेमका कोना शे रे?"

आपण नेमके कोणाचे, या प्रश्नाचं उत्तर लीनाने एका महिन्यात दिलं. मी अजून मुदतवाढ मागतो आहे.