पांढरं मूळ

दुर्मितोर डोंगराच्या उतारावर राहणाऱ्या स्तानोयकाला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नसे. लिंचुरा, म्हणजे दारूत मुरवून जेवणाआधी घोटभर घेतलं की भूक खवळवणारं ते कडूजहर मूळ, खणण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. उन्हाळ्यात पिवळी फुलं आली की बायका त्या झाडांना लाल लोकर बांधतात आणि पानं वाळल्यावर तीच खणतात. कारण शेजारी उगवणारी विषारी चेमेरिका वाळली की हुबेहूब तशीच दिसते. त्या वर्षी स्तानोयकानं लोकर बांधलीच नाही. बायकांनी टोकलं, तर म्हणाली,

"माझे डोळे काय भाड्यानं आणलेत?"

मुळं चिरून तिनं दोन बाटल्यांत घातली आणि वर राकिया, घरची फळांची दारू, ओतली. एक घरात ठेवली, दुसरी पोट बिघडलेल्या दिराला, वुकोसावला दिली.

एका सकाळी तिनं आपली बाटली उजेडाला धरली. लिंचुरानं दारू पिवळीधमक व्हायला हवी. ही जवळजवळ पाण्यासारखी. टोपलीतलं उरलेलं मूळ कापलं. आत पांढरंफेक, चेमेरिकाचं.

ती अनवाणीच धावली.

वुकोसाव जमिनीवर आडवा, ओठ निळे. त्याची सून येलिसावा फोनवर रडत होती. "हो डॉक्टर, कालचं चीज नासलं असणार. दुसरं काही नाही."

टेबलावर रिकामा पेला होता. गप्प राहिलं तर चीजवर भागेल. तोंड उघडलं तर उद्यापासून तिचं मूळ कुत्रंही हुंगणार नाही. पण गप्प राहिलं तर डॉक्टर भलतंच औषध देतील.

"काकू, बघताय काय नुसतं!"

तिनं फोन हिसकावला. "चीज नाही! चेमेरिका आहे. मी दिली."

"नक्की?" डॉक्टरांनी विचारलं.

"मूळ हातात धरून बोलतेय! काय करू ते सांगा!"

"उलटी करवू नका. कुशीवर झोपवा. नाडी मंदावेल, लक्ष ठेवा. आम्ही निघालोय. मूळ सांभाळून ठेवा."

गाडी येईपर्यंत ती त्याचं मनगट धरून बसली. बोटाखालचा ठोका मध्येच हरवायचा, की ती बोट आणखी दाबून तो शोधायची. येलिसावा तिच्याकडे बघत नव्हती.

तो वाचला. दवाखान्यातून आल्यावर म्हणाला, "वहिनी, मारायचंच होतं तर दारू तरी चांगली वापरायची!"

ती हसली नाही. पुढच्या उन्हाळ्यात उतारावर ती लाल लोकर घेऊन वाकली, तेव्हा मागून एक बाई ओरडली, "काय गं, भाड्याचे डोळे परत केलेस?"

एरवी तिनं त्या बाईची जीभ हासडली असती. तिनं फूल पुन्हा नीट पाहिलं आणि गाठ घट्ट ओढली.