भिंतीकडे तोंड करून ऐकलेला माईक

त्याला सगळे कानसेन म्हणत. सभागृहातला सगळा आवाज त्याच्या हाती, आणि दोन खोल्या पलीकडे पंखा कुरकुरला तरी कपाळाला आठी याच्या. बायको त्याच्याच हाताखाली आवाजाचं काम शिकलेली. ती म्हणायची, "यांना जगातलं सगळं ऐकू येतं, मी हाक मारलेली सोडून."

त्या दिवशी तर स्वारी सकाळपासून हवेत होती. घशाच्या ऑपरेशननंतर त्याची धाकटी बहीण पहिल्यांदाच लोकांसमोर गाणार होती, आणि तेही याच्याच सभागृहात. वर कार्यक्रमाचं रेकॉर्डिंगही होणार होतं. म्हणजे माईक असा हवा, की शेजारी स्पीकर असूनही शिट्टी मारणार नाही आणि रेकॉर्डिंगमध्ये गळ्यातली बारीक हरकतही सोडणार नाही. त्यानं तीन माईक मांडले. एक त्याचा जुना, जाळीला पोचा आलेला. दुसरा कोरा करकरीत. तिसरा एका स्टुडिओतून मागून आणलेला. तिन्ही एकाच जातीचे, पडले-आपटले तरी हूं की चूं न करणारे.

धाकटी आली ती तोंड पाडूनच. "दादा, आयोजकांना कळवून टाक. मी नाही गात."

"वेडी आहेस का? आवाज अगदी पहिल्यासारखा झालाय तुझा!"

"तू तेच म्हणणार. भाऊ आहेस."

आपण किती खरं सांगतोय आणि किती मायेनं, हे त्यालाही छातीठोक सांगता आलं नसतं. शेवटी तो म्हणाला, "बरं, नको गाऊस. पण माईक निवडायला तरी एक ओळ म्हण."

ओळ ठरलेलीच होती. कुठलेही स्पीकर लावताना तो तिचं ऑपरेशनच्या आधीचं एक रेकॉर्डिंग वाजवून बघत असे. त्यातला श्वासन् श्वास त्याला पाठ होता. त्यातलीच ओळ प्रत्येक माईकवर म्हणायची.

"आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करा," बायकोनं फर्मावलं. "तुम्ही डोळ्यांनी ऐकता. पोचेवाला दिसला की निकाल लागलाच."

कानसेन निमूट भिंतीकडे वळला. एक झाला, दुसरा सुरू होताच त्यानं टाळी वाजवली. "हाच! काय दम आहे!" आणि लगेच कपाळावर हात मारला. "थांबा, थांबा! हा नुसता मोठा वाजतोय. मोठ्यानं बोलणारा नेहमीच खरा वाटतो. तिघांना एका पातळीवर आण बघू."

बायकोनं खुंट्या फिरवून तिन्ही माईकच्या आवाजाची पातळी दाखवणारे दिवे सारख्या उंचीला आणले. क्रमही बदलला. मग नव्या क्रमातला पहिला.

"लांबून येतोय. पोकळ."

लांबूनच येणार. ऑपरेशनपासून धाकटी सरावातही माईक हातभर दूर धरायची, जणू तो चुगली करेल. बायको तिच्या कानाशी जाऊन पुटपुटली, "चावत नाही गं तो. ओठांपाशी घे."

दुसरा बराच भरीव वाटला. भिंतीशी कानसेनाची मान डोलली. थोड्या वेळानं पुन्हा तीच ओळ. तो चिडलाच.

"अगं, ते रेकॉर्डिंग कशाला लावलंस? बंद कर ते! तिसऱ्या माईकवर गाऊ दे ना तिला!"

आवाज मध्येच थांबला. तो तणतणत वळला. बायको हाताची घडी घालून उभी होती. समोर धाकटी, ओठांपाशी तोच पोचेवाला माईक, आणि डोळे हे एवढे मोठे.

"दादा," ती म्हणाली, "कुठलं रेकॉर्डिंग?"

कानसेन एकदम लहान पोरासारखा हसायला लागला. हसता हसता डोळे भरून आले, तेही त्यानं लपवले नाहीत. बायकोनं त्याला पाणी दिलं.

धाकटीनं माईकच्या पोचा आलेल्या जाळीवरून बोट फिरवलं.

"हाच ठेव," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी स्पीकर बघायला ते जुनं वाजवू नकोस. मीच लवकर येते."