राखेने पुसलेली खिडकी

ऐका मंडळी. उज्जैन शहरात एक होती आजी, म्हणजे मी. आजीचा एक मुलगा होता अरुण, अरुणची एक मुलगी होती मृणाल, आणि मृणालचा एक काँप्युटर होता. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण जीभ चालत होती आणि हातही स्वस्थ बसत नव्हते. त्या हातांनी काय करून ठेवलं, आता काय सांगू तुम्हाला.

तेव्हा रोज काहीतरी नवीन यायचं. गल्लीत केबल आली, कोपऱ्यावर एसटीडी आली, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर काँप्युटर आला. आम्ही परत खाली बसून जेवायला लागलो.

मृणाल त्यावर दुकानदारांसाठी प्रोग्राम लिहायची. म्हणजे काय ते मला विचारू नका. ज्या चौकटीत लिहायची तिला ती विंडो म्हणायची, आणि त्या खिडकीच्या मागे तिने आजोबांचा फोटो लावला होता. हे जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. क्षिप्रेचा घाट, खांद्यावर पंचा, तोंडभर हसू. खिडकी अर्धी पारदर्शक केलेली, त्यामुळे अक्षरांच्या मागून हे दिसायचे. जन्मभर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बसलेला माणूस, आता नातीच्या पाठीशी उभा. मी भाजी निवडायलासुद्धा तिथेच बसायची.

फक्त एक गोष्ट खटकायची.

"मृणाल, हे असे धुरकट का ग दिसतात?"

"मुद्दाम थोडं धूसर केलंय, आजी. नाहीतर अक्षरं वाचता येत नाहीत. ही पट्टी बघ. इकडे सरकवली की आजोबा स्पष्ट, तिकडे सरकवली की अक्षरं."

"थोडं? मला तर यांचं नाकसुद्धा दिसत नाही."

"तुला आजोबांचं नाक पाठ आहे," ती म्हणाली, आणि माझ्या सुईत दोरा ओवून दिला. हल्ली सुयांना भोकंच बारीक ठेवतात.

घरात त्या दिवसांत विषय एकच. अरुण मृणालला म्हणाला होता, "देवास गेटचे कापडवाले सेठजी रविवारी तुझा प्रोग्राम पाहायला येतायत. काम दिलं तर ठीक. नाहीतर हा डब्बा विकू, तू बी.एड. कर." पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं.

रविवारी मृणाल अंघोळीला गेली आणि मी टेबलापाशी. म्हटलं, पाहुणे येणार आणि यांच्या तोंडावर ही धूळ? आम्ही रेल्वे क्वार्टरात राहायचो तेव्हा वीज सारखी जायची. कंदिलाची काच मी राखेने अशी पुसायची की हे म्हणायचे, "काच आहे की नुसती हवा, हात लावून पाहावं लागतं."

मग काय. बंबातली राख घेतली, ओला फडका घेतला, आणि काँप्युटरची काच घासली. लखलखली. हे मात्र धुक्यातच.

तेव्हा पट्टी आठवली. मृणाल धरायची तसा मी तो उंदीर धरला. पट्टी सरकवली, आणखी सरकवली, पार टोकाला नेली. अक्षरं फिकी झाली, मग गेलीच. गेली तर गेली, मला कुठे वाचायची होती? हे जरा उजळले. नाक आलं. मी खूश. काचेवरून यांच्या कपाळाला चंदनाचा टिळा लावला, झेंडूचा हार वर चढवला.

मृणाल केस पुसत आली.

"आजी, माझी विंडो कुठंय?"

"मी पट्टी सरकवली थोडी."

"किती थोडी?"

"संपेपर्यंत."

खिडकी आरपार झाली होती, आणि खिडकीतली पट्टीही तिच्याबरोबर गडप. पट्टीच दिसेना तर ती मागे कशी आणायची? मृणाल अंधारात चाचपडल्यासारखी उंदीर फिरवायला लागली. अरुण म्हणाला, "आई, तुला कुणी सांगितलं होतं?" आणि दारात सेठजी उभे.

सेठजी आत आले आणि थबकले. हार घातलेला काँप्युटर, टिळा लावलेले आजोबा. त्यांनी बाहेर जाऊन चपला काढल्या आणि परत येऊन हात जोडले.

"दादाजी हैं?"

"जी," मृणाल पुटपुटली.

"वाह बेटी. हमारी गद्दी पर भी पहले पिताजी को हार चढ़ता है, फिर धंधा. आजकल के लड़के तो सीधे हिसाब पर कूदते हैं." ते खुर्चीत टेकले. "हमारे पिताजी भी ऐसे आ जाएँगे? हिसाब के पीछे?"

मृणालने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग काँप्युटर बंद करून परत चालू केला. खिडकी आली, अक्षरं आली, प्रोग्राम चालला. "आ जाएँगे सेठजी. जितने साफ चाहिए, उतने साफ."

काम मिळालं. पुढे त्या अख्ख्या ओळीतल्या दुकानांत एकेकाचे पिताजी हिशेबामागे जाऊन उभे राहिले. बी.एड.चं नाव परत निघालं नाही. मी गल्लीभर सांगत फिरले, कल्पना माझी.

पण त्या दिवशी राखेचा किस्सा ऐकून सेठजी जाता जाता म्हणाले होते, "अम्मा, तस्वीर तो साफ ही थी. और कितनी साफ करतीं?" मृणालने ते मनात ठेवलं. मला फ्रीगंजला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने डोळ्यांत बॅटरी मारली आणि हसला. "अम्मा, मोतियाबिंद है. दोनों में."

आणि मी घासत बसले होते काच.

नातीच्या पहिल्या कमाईतून आजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. असं आमच्या घराचं भाग्य उजळलं. हिरवा चष्मा उतरल्यावर मी आधी टेबलापाशी गेले. हे लख्ख दिसले, पंच्याच्या सुतासकट. आणि ज्याला मी तोंडभर हसू, तोंडभर हसू म्हणत होते ना, ते हसू नव्हतंच. ऊन डोळ्यांवर आलं म्हणून यांनी तोंड वाकडं केलं होतं.

मी मृणालला म्हटलं, "पट्टी जरा मागे घे ग. मला आपले धुरकटच बरे."