कूलरसमोर ठेवलेलं फेरेट

मे महिन्यात नागपुरात रसायनशास्त्र शिकवायचं तर आधी स्वतः शिजायची तयारी हवी. माझ्याकडे प्रकल्प करणारी एम.एस्सी.ची मुलगी रोज खापरखेड्याहून यायची. तिनं तीन आठवडे खपून पोटॅशियम फेरेट बनवलं होतं, चमचाभर, काळपट जांभळं. हा लोखंडाचाच क्षार, पण महातापट. समोर येईल त्याचं ऑक्सिडीकरण करतो आणि जरा ओलावा लागला की स्वतःच मोडतो. ऑक्सिजन उडून जातो, मागे गंजाचा गाळ. परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांसमोर नाल्याच्या पाण्यात चिमूटभर टाकून ती ते पाणी स्वच्छ करून दाखवणार होती. ती चिमूटच नसेल तर दाखवायला काही नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी नमुना कोरड्या, बंद भांड्यात ठेवून ती घरी गेली. भांडं हाताला चटके देत होतं. उष्णतेनं माल बिघडेल या काळजीनं मी त्यातली नमुन्याची काचबशी बाहेर काढली आणि माझ्या खोलीत ठेवली, चालू कूलरसमोर. आम्ही नागपूरकर उन्हाळ्यात पाहुणे, आंबे, तान्ही लेकरं, सगळं कूलरसमोरच ठेवतो. वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून येणारी ती हवा दमट असते, हे बावीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला सुचू नये! अक्कल चरायला गेली होती माझी.

सकाळी बशीत तपकिरी चिखल होता. मी हादरलेच. 

"मॅडम, हे काहून असं झालं?" तिनं विचारलं.

"मी ठेवलं गं इथं. मीच," एवढंच कसंबसं बोलले. ती रडलीसुद्धा नाही.

परीक्षकांनी कूलरसमोरची बशी पाहिली आणि ते भडकले. "कूलरसमोर? एवढी साधी गोष्ट कळत नाही? कोणी ठेवलं हे?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "मी ठेवलं सर. मले वाटलं, त्याले गरमी लागून राहिली."

मी तिच्याकडे बघितलं. आणि उघडलेलं तोंड मिटून घेतलं. आजही विश्वास बसत नाही, पण मिटलं.

प्रात्यक्षिकाच्या रकान्यात त्यांनी शून्य लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. खाली मार्गदर्शकाची सही लागते. मी केली.